माझ्या भाच्याची झोप आणि माझं ‘खरं’

माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलाबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी विषय काढला की मी त्याच्या झोपेच्या दोन गमती सांगायचो, ऐकणारे हसायचे आणि मी चहाचा पेला उचलून दुसरीकडे बघायचो. त्या गमती खऱ्या आहेत, इथेही सांगणार आहे. पण त्यांच्या शेवटी एक गोष्ट येते, ती मी दर वेळी गाळत आलो. आता गुडघे गेले, ऐकायला कमी येतं, आणि सांगायचं राहिलेलं तेवढं रोज आठवतं. म्हणून सगळंच लिहून टाकतो. आमच्या जोयडा तालुक्यात भातासाठी राबणारे पाहिले, सुपारीसाठी राबणारे पाहिले, जंगलात लाकडं ओढून पाठीचा कणा वाकवलेले पाहिले. पण नुसत्या झोपेसाठी एवढा राबणारा माणूस माझ्या भाच्याशिवाय दुसरा झाला नाही आणि होईल असं वाटत नाही.

तो विमान चालवतो. हे ऐकलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पांढरा शर्ट, खिडकीत बसलेले प्रवासी आणि हसऱ्या बायका येतात. त्याचं तसं काही नाही. तो मालाचं विमान चालवतो, तेही रात्री. लोक मोबाइलवर बोट दाबून काय काय मागवतात, औषधं असतात, मासळी असते, लग्नाची फुलं असतात, ते सगळं रात्रीतून एका शहरातून दुसऱ्या शहरात नेऊन टाकायचं आणि उजाडताना खाली उतरायचं. आमच्या कुंभारवाड्याच्या बाजूला ही नोकरी समजावून सांगायला मला फार कष्ट पडले. शेजारचे अज्जा शेवटी म्हणाले, “म्हंजे टेंपोच की रे. वरनं जानारा.” मी म्हटलं, व्हय, तसंच. “मग तू टेंपोवाल्याचा मामा,” ते म्हणाले. मी सरकारी बसवर कंडक्टर होतो, जन्म दांडेली, रामनगर, उळवी असा गेला, त्यामुळे ह्यात मला कमीपणा वाटला नाही. उलट आमच्या घराण्यात वाहतुकीचा धंदा चांगला वर गेला असंच वाटलं.

सुटी लागली की तो आईकडे बेळगावला न जाता सरळ आमच्याकडे यायचा. अक्काला ह्याचा राग. पण बेळगावात तिचं घर रस्त्यावर, खाली वेल्डिंगचं दुकान, वर तिच्या मैत्रिणींची ये-जा. आमच्याकडे तसं काही नाही. बस दिवसातून मोजक्या वेळा येते, फोनला रेंज हवी तर टेकाडावरच्या फणसापाशी जावं लागतं. “मामा, मी तुम्हाला भेटायला येत न्हाई, तुमच्या शांततेला भेटायला येतोय,” असं त्यानं पहिल्याच खेपेला स्पष्ट सांगितलं. माझ्या बायकोनं त्याच्यासाठी पुढची चांगली खोली झाडून ठेवली होती, खिडक्या उघडल्या होत्या, नवी चादर घातली होती. त्यानं आत पाऊल टाकलं आणि माणूस गोठ्यात वाघ दिसल्यावर मागे येतो तसा मागे आला. “फार उजेड हाय, मामी.” मग घरभर फिरून त्यानं भाताच्या कोठीची खोली पसंत केली. तिला खिडकी नाही. तीन बाजूंनी भाताची पोती, चौथ्या बाजूला दार. उजेडापुरतं वर एक काचेचं कौल होतं, तेही त्याला खुपलं. भर दुपारी शिडी लावून तो छपरावर चढला आणि कौलावर पोतं पसरून वर दगड ठेवून आला. शेजारणीनं हाक मारली, “गळतंय व्हय हो कौल?” माझी बायको म्हणाली, “गळतंय की. ऊन गळतंय.”

त्याचा येण्याचा थाट बघण्यासारखा असे. लोंढ्याला रेल्वेनं उतरून तो बस धरायचा आणि सकाळी कुंभारवाड्याला उतरायचा. तेव्हा धुकं असं असतं की समोरची म्हैस आधी ऐकू येते आणि मग दिसते. अशा धुक्यातून हा काळा चष्मा लावून चालत यायचा. पहिल्यांदा लोकांना वाटलं, पोराचे डोळे आलेत. दुकानातल्या बायका पदर तोंडाला लावून लांब सरकल्या. एकीनं धण्यांचं पाणी पाठवून दिलं. त्यानं ते पाणी पिऊन टाकलं, कारण ते डोळ्यांत घालायचं असतं हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि मग चष्म्याचं कारण मला नीट समजावून सांगितलं. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की शरीर म्हणतं, चला, दिवस झाला, आता झोप कशाला. त्याला फसवायचं तर उजेडच द्यायचा नाही. “म्हंजे तू तुझ्याच डोळ्यांस्नी फसवतोस,” मी म्हटलं. तो म्हणाला, “रात्रभर जागं राहून मी त्यांना आधीच एकदा फसवलेलं असतंय, मामा. ही दुसरी खेप.”

त्याच्याकडे गाडी होती, चांगली मोठी, पण तो ती कधी आणायचा नाही. लोकांनी विचारलं, गाडी हाय म्हंता आनी बसनं येता? त्यानं भोळेपणानं सांगितलं, रात्रभर काम करून सकाळी गाडी चालवणं आणि दारू पिऊन चालवणं, ह्यात फारसा फरक नाही. वाडीत त्यातले शेवटचे काही शब्दच पोचले. संध्याकाळपर्यंत दोघांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “पोरगं पितंय काय ओ?”

पिण्याच्या बाबतीत तो खरा कडक होता तो चहाच्या. त्याची अशी एक मर्यादा होती की झोपायच्या पुष्कळ आधीपासून चहा, कॉफी बंद. आता आमच्याकडे माणूस दारात आला आणि चहाला नाही म्हणाला तर त्याच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे असं धरतात. हा सकाळी कुणाकडे गेला की हात जोडून म्हणायचा, “आता माझी रात्र हाय.” बाहेर कोंबड्या दाणे टिपतायत, पोरं शाळेला निघालीत आणि हा म्हणतो रात्र आहे. मामी नारळ खवत बसली की ह्याचं “झोपतो हं मामी” व्हायचं, आणि दिवेलागणीला डोळे चोळत येऊन “काय नाश्ता हाय?” ती बिचारी त्याला संध्याकाळी पेज करून द्यायची आणि पहाटे परसात तुळशीपाशी हा तिला जेवण झाल्यासारखा शतपावली घालताना दिसायचा.

अज्जांच्या कोंबड्यावरून तर मोठं प्रकरण झालं. ते कोंबडं वेळकाळ न बघता ओरडायचं, भर दुपारी सुद्धा. भाचा अज्जांकडे विनंती घेऊन गेला. अज्जा म्हणाले, “ते तुझ्यासाठी आरवत न्हाई बाबा. सवय हाय त्याची.”

“माझी पण सवयच हाय, अज्जा.”

“मग तू बदल की.”

“मी दर आठवड्याला बदलतोय. म्हणून तर झोप येत न्हाई.”

हे अज्जांना पटलं. त्यांनी भाताच्या शेतात माळ्यावर बसून गव्यांना आणि डुकरांना हाकत जन्म काढला होता. रात्रीची राखण करणारा दिवसा निजतो, तो निजला की घरात कुणी भांडं आपटत नाही, ही आमच्याकडची रीत. पण राखण पीक उभं असेतोवर असते, भात घरात आलं की संपते. “ह्याचं पीक कधी कापनार?” त्यांनी मला विचारलं. त्या दिवसापासून भाचा आला की अज्जा कोंबडं डालग्याखाली घालून वर गोणपाट टाकायचे. दोघं एकदमच निजायचे.

गंमत अशी की एकदा झोप लागली की गाडीचा हॉर्न, मुलांचा दंगा, मिक्सरची घरघर, ह्यातलं काही त्याला उठवू शकत नसे. पण धनेश पक्षी छपरावरून गेला की त्याच्या पंखांचा जो आवाज होतो, त्यानं तो ताडकन उठून बसायचा. एकदा मी पाहिलं, बसल्या बसल्या त्याचा उजवा हात हवेत काहीतरी धरायला गेला होता. मग त्याला पोती दिसली, आणि तो पुन्हा आडवा झाला.

आणि कुठेही डुलकी काढणं ही त्याची विद्या होती. तिला तो डुलकी म्हणत नसे, ‘औषध’ म्हणे. रात्री कामावर जायच्या आधी थोडं औषध, मधे सवड मिळाली तर थोडं. जास्त घेतलं तर डोकं जड होतं, म्हणून बेतानं. उळवीच्या जत्रेला आम्ही त्याला नेलं, तेव्हा रथाजवळ ढोल वाजत होते, बैलगाड्यांची गर्दी, धूळ, आणि हा एका कट्ट्यावर ताठ बसून मांडी घालून झोपला. आम्ही दर्शन करून आलो तो त्याच्यापुढे केळी, नारळाची भकलं आणि थोडं कुंकू पडलं होतं. धारवाडकडची एक म्हातारी दुसरीला कानडीत सांगत होती, स्वामींची समाधी लागली आहे, गलका करू नका. तो उठला, केळी खाल्ली आणि म्हणाला, “मामी, बरं वाटलं. हितली माणसं समजूतदार हायत.”

एवढं सगळं तो करायचा त्याला कारण होतं, आणि ते त्यानं एकदाच सांगितलं. आम्ही दोघं ओसरीवर सुपारी सोलत बसलो होतो. उजाडण्याच्या आधी एक वेळ अशी येते, तो म्हणाला, की बाहेर सगळं काळं असतं, कामही फारसं नसतं, आणि शरीर पायाला धरून खाली ओढतं. त्या वेळी एकदा त्याचे डोळे मिटले. उघडले तेव्हा शेजारच्या कॅप्टनची हनुवटी छातीवर टेकलेली होती. किती वेळ दोघंही झोपलेले होते हे त्याला कळलं नाही. काही झालं नाही. विमान आपलं चाललं होतं. पण त्यानंतर त्यानं नियम केला, की झोप झाली नसेल त्या रात्री फोन करायचा आणि सांगायचं, मी दमलोय, आज मी उडणार नाही. वरचे लोक त्यावर काही बोलत नाहीत, दुसऱ्याला बोलावतात. “खरं फोन करताना लाज वाटते, मामा. ताप आला म्हणायला लाज वाटत न्हाई. झोप झाली न्हाई म्हणायला वाटते.”

आमच्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’, हे इथेच सांगून ठेवतो. पुण्याकडच्या माणसाला ‘खरं’ म्हणजे सत्य. बेळगाव, खानापूर आणि आमच्या रामनगरकडे ‘आलो असतो, खरं बस चुकली’ असंच बोलतात. दोन्ही अर्थ आम्हाला कळतात, आणि त्याचा मी पुढे उपयोग केला.

त्या दिवशी मी त्याला काय म्हणालो? मी म्हणालो, अरे, आम्ही वस्तीच्या गाडीवर बाकड्यावर झोपलो, डास खाल्ले, पहाटे पुन्हा घंटी मारली. आम्ही न्हाई कुणाला फोन केला. तो हसला आणि सुपारी सोलत राहिला. झोपेचं दुखणं हे भरल्या पोटाचं दुखणं, असं तेव्हा माझं मत होतं. मी पडलो की झोपायचो. ज्याला भूक लागत नाही त्यानं भुकेल्याला उपदेश करावा, तसं ते झालं.

त्याच सुमाराला त्याचं लग्न ठरत आलं. मुलगी खानापूरकडची, बेळगावात दवाखान्यात नर्स, तिलाही रातपाळ्या. बघण्याच्या कार्यक्रमात दोघांना माडीवर बोलायला सोडलं. खाली आम्ही पोहे खात होतो. अशा वेळी मुलं पगार, आवडी, सासू कुठे राहणार असं बोलतात. ह्या दोघांनी, नंतर कळलं, खिडकीला काय लावायचं ह्यावर चर्चा केली. ती म्हणाली, मी काळी छत्री उघडून खिडकीत अडकवते. तो म्हणाला, हे मला सुचलंच नाही. खाली येताना त्याचा चेहरा असा होता की अक्कानं लगेच साखर मागवली. संध्याकाळी तो मला म्हणाला, “मामा, तिला काही समजावून सांगावं लागलं न्हाई.” त्या रात्री तो रात्रीच झोपला, आपल्यासारखा, आणि सकाळी मामीबरोबर चहा घेतला.

मग आमच्या रीतीप्रमाणे चौकशी झाली. आमच्याकडे मुलाबद्दल त्याच्या आईबापांना कुणी विचारत नाही, ते चांगलंच सांगणार. मामाला विचारतात. आणि घरी जाऊन विचारत नाहीत. बाजाराच्या दिवशी हॉटेलात गाठतात, म्हणजे दोघांनाही मोकळं बोलता येतं. रामनगरच्या बाजारात मुलीचा चुलता मला भेटला. सभ्य माणूस, डोक्याला टोपी, हातात छत्री. आम्ही चहा मागवला. बाकांवर माझ्या नोकरीतले जुने ड्रायव्हर, दोनचार दुकानदार, सगळे ओळखीचे. चुलत्यानं भाताबद्दल विचारलं, पावसाबद्दल विचारलं आणि मग बशीत चहा ओतता ओतता म्हणाला, “बाकी भाचा कसा हाय तुमचा?”

मी म्हणालो, “पोरगा सोनं हाय, खरं.”

इथे मी थांबलो असतो तर निभावलं असतं. पण बाकांवरचे सगळे माझ्याकडे बघत होते. मी गमत्या कंडक्टर म्हणून प्रसिद्ध. माणसं हसायला तयार होऊन बसलेली असली की मला राहवत नाही. मी पुढे म्हणालो, “खरं काय हाय, दिवसभर निजतंय आनी रातचं उडतंय. आमी त्याला वटवाघूळ म्हंतो.”

हॉटेल हसलं. एक ड्रायव्हर म्हणाला, “उडाणटप्पूच म्हना की.” मी म्हणालो, “तेबी लायसन असलेला.” पुन्हा हसले. सगळ्यांत मोठ्यानं चुलता हसला. मग त्यानं छत्री उचलली, चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत, आणि खानापूरच्या गाडीत बसून गेला.

मध्यस्थाकडून निरोप आला, मुलीला अजून शिकायचं आहे. अक्का चक्रावली. तिनं मला विचारलं, “तू काय बोललास रे त्यांच्याजवळ?” मी म्हणालो, “मी म्हटलं, पोरगा सोनं हाय, खरं. म्हंजे खरोखरच. आता त्यांनी त्यातनं ‘पण’ ऐकला, त्याला मी काय करू?” पुढचं वाक्य मी सांगितलंच नाही. अक्काला ते पटलं. आयुष्यभर ती येईल त्याला सांगत राहिली, की खानापूरवाल्यांना एक शब्द नीट कळला नाही म्हणून माझ्या लेकाचं लग्न मोडलं. शेवटच्या आजारात सुद्धा तिनं ते तिथल्या एका नर्सला सांगितलं. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. मान हलवली.

तर ते असं आहे. खानापूरवाल्यांनी बरोबर ऐकलं होतं. मी ‘पण’च म्हणालो होतो.

त्या मुलीचं पुढे दुसरीकडे झालं, बरं चाललंय असं ऐकतो. भाच्यानं नंतर लग्न केलं नाही. दोन ठिकाणी बोलणं झालं, पण तिथे त्याला सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागलं, आणि तो मधेच दमला. माझ्यावर त्यानं कधी राग दाखवला नाही. हॉटेलातलं त्याला कळलं की नाही हे मला ठाऊक नाही. रामनगरच्या बाजारात बोललेलं कुंभारवाड्याला पोचत नाही असं होत नाही. तो येत राहिला, कोठीच्या खोलीत झोपत राहिला. आता तो स्वतः कॅप्टन आहे, कानांवर केस पांढरे झालेत. अजून रात्रीच उडतो. झोप मात्र पहिल्यासारखी विद्या राहिली नाही. डॉक्टरला दाखवलं, त्यानं सांगितलं, रात्रपाळ्या कमी करून घ्या. त्यानं तसं मागितलंय, अजून मिळालेलं नाही.

मागच्या माघात तो आला तेव्हा चेहरा बघवत नव्हता. चार पाळ्या ओळीनं झाल्या होत्या आणि मधल्या दिवसांत डोळ्याला डोळा लागला नव्हता. जेवला नाही, पेज घेतली आणि आत जाऊन पडला. दुपारी मी पाणी ठेवायला गेलो तर अंधारात त्याचा आवाज आला.

“मामा, बसा जरा.”

“निजला न्हाईस व्हय?”

“येत न्हाई. तुम्ही बोला काहीतरी.”

“काय बोलू?”

“काहीबी. तुमचं बोलणं लांब असतंय. ऐकत पडतो.”

मी पोत्याला टेकून बसलो. अंधार होता, त्याचा चेहरा दिसत नव्हता, माझा त्याला दिसत नव्हता. मला वाटलं, ह्याहून सोपी वेळ येणार नाही. म्हटलं, “तुला एक सांगायचं राहिलंय. रामनगरचं.”

“हं,” तो म्हणाला.

पण सरळ मुद्द्यावर येणं मला जन्मात जमलं नाही. मी बाजारापासून सुरुवात केली. त्या दिवशी गाडी उशिरा आली ती का, हॉटेलात कोण कुठे बसलं होतं, भजी कशी झाली होती, ती त्या वेळी कांद्याची असायची, आता तो हॉटेलवाला राहिला नाही. तो मधे मधे “हं” म्हणत होता. मुलीचा चुलता आला, त्याची छत्री, पावसापाण्याच्या गोष्टी. “हं.” मग त्यानं चहा बशीत ओतला आणि मला विचारलं, भाचा कसा हाय तुमचा. “तर मी म्हटलं बघ, पोरगा सोनं हाय, खरं...”

“हं” आलं नाही.

मी कान दिला. श्वास संथ चालला होता, लांब आणि खोल, मधे कुठे अडकत नव्हता. किती दिवसांनी झोप लागली असेल कोण जाणे. बायको दारात आली, त्याच्या जेवणाचं विचारायला. मी तिला हातानंच परत पाठवलं.

मग तिथेच बसून राहिलो. माझं चुकलं, एवढंच म्हणायचं राहिलं होतं. ते म्हणायला त्याला उठवावं लागलं असतं.